भिंगताईला हॉटेल पसंत पडेना

आमच्या आत्याला अख्खा बाजार भिंगताई म्हणतो. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं काम ती गेली कित्येक वर्षं करते आहे. पुढे काउंटरवर गिऱ्हाईक फ्रेम्स लावून बघतं, आरशात तोंडं वाकडी करतं, एकदाचं काहीतरी पसंत करतं आणि मग फ्रेम आणि काचा मागे आत्याकडे येतात. ती काचेवर शाईचे ठिपके देते, यंत्रावर कड घासते, कडेवरून बोट फिरवते, फ्रेमला ऊब देऊन काच आत बसवते आणि मग डोळ्यासमोर धरून बघत राहते. काच जराशी फिरली तरी घालणाऱ्याचं डोकं उठतं, म्हणून तिथे ती कुणाचं ऐकत नाही. मालकांनी एकदा म्हटलं होतं, "ताई, एवढंसं चालतं हो." तर तिने तो चष्मा त्यांच्याच नाकावर ठेवला आणि म्हणाली, "मग घाला आणि जिना उतरून दाखवा."

घरात मात्र हीच बाई कशालाही 'चालेल' म्हणायची. जेवायला काय करू, चालेल. टीव्हीवर काय लावू, चालेल. ती बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. सगळ्यांचं टीव्ही बघणं संपलं की तिची गादी पडायची, आणि पहाटे बाबा बातम्या लावायचे त्याच्या आधी ती उचललीही जायची. तिचे कपडे टीव्हीखालच्या खणांत असत. त्यामुळे तिला कपडे काढायचे असले की आम्ही म्हणायचो, "आत्या, जरा बाजूला हो, दिसत नाहीये." आणि ती बाजूला व्हायची.

तर एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात दोन दिवस शहरात जाऊन राहणार आहे."

बाबांनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

"कुणाचं नाही."

"मग कोण आजारी आहे?"

"सगळे बरे आहेत. मी हॉटेलात राहणार आहे."

आईचा वाढता हात थांबला. "हॉटेलात कशाला, ताई?"

"राहायला," आत्या म्हणाली.

पुढे उलगडा झाला तो असा. दुकानात काउंटरवर बसणारी बाई नवऱ्याबरोबर शहरात दोन दिवस जाऊन आली होती आणि तिने आत्याला फोनवर फोटो दाखवले होते. लहानसं, देखणं हॉटेल, मोजक्या खोल्या, प्रत्येक खोली वेगळी. त्याला बुटीक हॉटेल म्हणतात, हेही तिनेच सांगितलं होतं.

"बुटीक म्हणजे कपडे शिवून देतात ते ना?" बाबा म्हणाले. "तिथे झोपणार कुठे, शिलाई मशीनवर?"

आत्या हसली नाही. ती माझ्याकडे वळली. "तू मला एक चांगलं शोधून दे."

मी हो म्हटलं आणि फसले. मी दाताच्या डॉक्टरांकडे काम करते. लोकांना वेळा द्यायच्या, वेळा बदलून द्यायच्या, दाढ दुखणाऱ्या माणसाला 'उद्या चालेल का' असं गोड आवाजात विचारायचं. दिवसभर फोनला कान लावून घरी आलं की मला फोनचं तोंड बघायची इच्छा नसते. पण आत्या दुकानातून यायची, हातावरची पांढरी भुकटी घासून धुवायची, चष्मा पुसायची आणि शेजारी येऊन बसायची. "हं. दाखव."

पहिलं हॉटेल मला स्वतःला फार आवडलं होतं. जुन्या छापखान्यात केलेलं. भिंतींच्या विटा उघड्या ठेवलेल्या, छताला लोखंडी तुळया, मध्ये एकच भलामोठा दिवा.

"प्लास्टर करायचं राहिलंय," आत्या म्हणाली.

"राहिलं नाहीये, आत्या. मुद्दाम तसं ठेवलंय."

"मुद्दाम? बरं, पुढचं दाखव."

दुसऱ्याच्या खोल्यांना नंबर नव्हते, नावं होती. 'शांतता' नावाच्या खोलीचे फोटो सुंदर होते. आत्याने लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचले. ती सगळे वाचायची, अगदी जुन्यातला जुनादेखील. त्यातून तिने शोधून काढलं की 'शांतता'च्या बरोब्बर खाली बार आहे. तिसऱ्यात न्हाणीघराची भिंत काचेची होती.

"आतला माणूस बाहेर दिसतो," ती म्हणाली.

"दुधी काच असते, आत्या."

"काचेचं तू मला सांगणार? दुधी काचेमागे दिवा लावला की सगळं दिसतं. आणि एकटी राहणार तर कुणाला दिसणार म्हणशील, तर मला दिसतं ना."

चौथ्यात पलंग जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे उठायला क्रेन हवी. पाचव्यात खुर्चीच नव्हती, पोत्यासारखी एक गादी कोपऱ्यात टाकलेली. सहाव्यात खुर्ची होती, पण आरशाच्या तोंडासमोर. "मी काय दोन दिवस स्वतःचं तोंड बघत बसू?" सातवं सर्व बाजूंनी ठीक होतं. मी मनातल्या मनात हुश्श म्हटलं. तेवढ्यात तिने फोटो बोटांनी मोठा केला. खोलीला दाराऐवजी सरकणारी लाकडी फळी होती, रुळावरची.

"याला कडी कुठे आहे?"

"कडी कशाला हवी? कार्ड असतं. कार्ड लावलं की दार उघडतं."

"म्हणजे ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला उघडतं. मला आतून लावायची कडी हवी आहे. फोन करून विचार."

मी फोन केला. पलीकडच्या मुलाने मला दोनदा विचारलं, "कडी म्हणजे मॅडम, नक्की काय?" मी दात ओठ खाऊन कडी म्हणजे काय ते सांगितलं. तो म्हणाला, "असं आमच्याकडे आजवर कुणी मागितलं नाही." माझ्याकडेही नव्हतं मागितलं. पण त्यानंतर मी रोज संध्याकाळी देखण्या देखण्या हॉटेलांना फोन करून कडी विचारू लागले. एका ठिकाणी तर माझा आवाज ओळखून 'पुन्हा तुम्हीच का' असं म्हणून फोन ठेवला.

घरात तोवर प्रत्येकाला या प्रकरणात मत फुटलं होतं. बाबांचं म्हणणं, स्टेशनजवळचं घ्या, हॉटेल काय, झोपलं की सगळी सारखीच. आईचं म्हणणं, नाश्ता त्यातच धरलेला असावा. आणि मग शहरातल्या काकांचा फोन आला. हे आत्याचे आणि बाबांचे चुलतभाऊ. बातमी त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली ते विचारायची गरज नव्हती. बाबा त्या दिवशी माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

काकांनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला. "माझं घर असताना माझी बहीण हॉटेलात उतरणार? मग मी दाराला कुलूप लावतो आणि पाटीही काढून टाकतो."

"कशाला, पाटी चांगली आहे," आत्या म्हणाली.

"अगं, सोफा उघडला की डबल बेड होतो."

"माहीत आहे. वहिनींचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आले होते ना. तेव्हा सोफ्यावर तुझे सासरे होते. मी पॅसेजमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"वेगळीच होती. मशीन तू रात्रीचं लावायचास, वीज स्वस्त पडते म्हणून."

काका रागावले आणि त्यांनी फोन बाबांना दे म्हटलं. बाबा फोन घेऊन बाल्कनीत गेले. मला आत्याचा राग येत होता, हे खरंच आहे. साध्या दोन दिवसांसाठी एवढं रामायण. जिने आयुष्यभर चालेल म्हटलं तिला आता काहीच चालत नव्हतं, आणि ते सगळं निस्तरायला मी.

शेवटी सापडलं. रस्ता जिथे वळतो तिथे वळणावर उभं असलेलं तीन मजली अरुंद घर. कधीकाळी तिथे बटणांचा कारखाना होता. खोल्या थोड्याच. दुसऱ्या मजल्यावरची एकट्यापुरती खोली, खिडकी रस्त्यावर, खिडकीशी खुर्ची, आरसा दुसऱ्या भिंतीवर. मी फोन लावला आणि सवयीने माफी मागतच कडीचं विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, "थांबा हं, बघून येते." मी थांबले. खरोखर जिने चढल्याचा आवाज आला. मग धापा टाकत ती म्हणाली, "आहे. पितळेची आहे. जरा घट्ट बसते."

आत्या माझ्या खांद्यावरून ऐकत होती. "घट्ट असलेली बरी," ती म्हणाली. "घे."

खोली घेतली. मी जवळजवळ आजारातून उठल्यासारखी झाले. पण घोडं पुन्हा अडलं. बाबांना चैन पडेना. बाईमाणूस एकटी, परकं शहर, आणि काकांनीही त्यांचे चांगलेच कान भरलेले. एका सकाळी ते म्हणाले, "मी काय म्हणतो, आपण सगळेच जाऊ. मलाही सुट्टी आहे. ताईला सोबत होईल."

आत्याने चष्मा वर सरकवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला यायचं तर या. माझी खोली माझी."

"हो हो, तुझीच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा त्यांच्या नजरेला नजर देऊन बघायला हवं होतं. ते राहून गेलं, कारण मला हॉटेल हा शब्दसुद्धा नको झाला होता.

आम्ही गेलो. गाडीत बाबा फारच खुशीत होते. हॉटेल फोटोतल्यासारखंच निघालं. खालचं टेबल म्हणजे बटणं ठेवायच्या जुन्या खणांचं कपाट आडवं केलेलं. दिवे इतके मंद की सही कुठे करायची ते बघायला बाबांनी फोनची बॅटरी लावली. कुणीतरी लिंबाच्या चकत्या घातलेलं पाणी आणून दिलं. आत्या जुन्या खणांवरून बोट फिरवून बघत होती आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका सैल झाला होता.

मग टेबलामागच्या बाईने एकच किल्ली पुढे केली. "तळमजला. फॅमिली रूम."

"आणि एकट्यापुरती खोली?" मी विचारलं.

बाबांनी घसा साफ केला. "ती मी बदलून घेतली. फोन केला मी परवा. अगं, सगळ्यांना एकच मोठी खोली मिळते, वर एक जादा बेड देतात. वेगवेगळं कशाला राहायचं? ताईलाही गप्पा मारायला बरं."

आम्ही खोलीत गेलो. खोली प्रशस्त होती. मध्ये मोठा पलंग, खिडकीशी चंद्रकोरीच्या आकाराचा सोफा, आणि आमच्या मागोमाग एक माणूस चाकांवरचा घडीचा बेड ढकलत आला. जागा शोधत त्याने तो न्हाणीघराच्या दाराशी उघडला, कारण दुसरीकडे कुठे मावतच नव्हता. उशी थापटून नीट ठेवली आणि गेला.

आईने पिशव्या वाटून टाकल्या. तिची आणि बाबांची मोठ्या पलंगावर, माझी सोफ्यावर. आत्याची पिशवी तिने घडीच्या बेडवर ठेवली आणि सवयीने विचारलं, "ताई, तुम्हाला हा चालेल ना?"

"नाही," आत्या म्हणाली.

आई थबकली. तिला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"नाही चालणार," आत्या पुन्हा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने पिशवी उचलली आणि खोलीबाहेर गेली.

आम्ही मागे धावलो तोवर ती टेबलापाशी उभी होती. टेबलामागची बाई तिला सांगत होती, "ती खोली तुमच्या भावांनी सोडली, आणि आज सकाळीच दुसऱ्यांना गेली. दुसरी नाही हो. म्हणजे वर माळ्याला एक आहे, पण ती आम्ही फोटोत दाखवत नाही. लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. छत उतरतं आहे, डोकं आपटतं."

"खिडकी?"

"रस्त्यावर आहे."

"कडी?"

बाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "कडी हवी होती त्या तुम्हीच का?"

"मीच."

"तिथली पण पितळेची आहे."

"द्या," आत्या म्हणाली.

बाबांनी जिन्यात तिची वाट अडवली. लोक येत जात होते, आणि बाबा दबक्या आवाजात रागावत होते, त्यामुळे ते फुसफुसल्यासारखे ऐकू येत होते. "ताई, काय चाललंय हे? मी एवढं सगळ्यांचं बघून करतो आणि तू चार माणसांत माझं असं करतेस? सोबत नको आहे का तुला आमची?"

"सोबत मला रोज असते," आत्या म्हणाली. "तू बाजूला हो, मला सामान घेऊन चढायचंय."

"आधी सांग. घरी तुला काय कमी आहे?"

आत्याने पिशवी पायरीवर ठेवली. "आई आजारी होती तेव्हा मी तिच्या दाराशी झोपायचे, रात्री उठायला सोपं म्हणून. ती गेली, मग तुझं लग्न झालं, तुम्हाला खोली हवी होती, मी हॉलमध्ये आले. मग मुलं झाली. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं ऑपरेशन असो, मी जायचे आणि जिथे जागा उरेल तिथे अंग टाकायचे. त्याचं मला काही नाही. माणसं आपली आहेत. पण मी कधी दार लावून झोपलेली नाही. दोन दिवस मला दार लावायचं आहे. एवढंच."

"मग घरी कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काय केलं असतंस?"

बाबा वैतागून म्हणाले, "केलं असतं काहीतरी. आता तीन खोल्यांत मी चौथी कुठून आणू?"

तेव्हा आई बोलली. इतका वेळ ती माझ्या मागे उभी होती. "तिसरी रिकामीच आहे की."

तिसरी खोली माझ्या भावाची. तो नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेला त्याला बरीच वर्षं झाली. वर्षातून एकदोनदा येतो, दोन रात्री राहतो.

"ती त्याची खोली आहे," बाबा म्हणाले.

"तिथे त्याची व्यायामाची सायकल आहे," आई म्हणाली. "तो नाहीये."

आत्याने पिशवी उचलली आणि ती त्यांच्या बाजूने वर गेली. शेवटचा जिना लाकडी होता, तिच्या पावलांबरोबर कुरकुरत गेला. मग दार लागलं आणि घट्ट कडी सरकवल्याचा आवाज आम्हाला खालपर्यंत आला.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. आमच्या देखण्या खोलीत दिव्याचं बटण कुठे आहे तेच बाबांना सापडेना. पलंगामागची एक लाकडी पट्टी दाबली की दिवे लागतात, हे कळेपर्यंत त्यांनी पडदे, पंखा आणि एकदा तर गाणी सुरू केली. आंघोळीचं पाणी छतातून यायचं, ते त्यांच्यावर कपड्यांसकट आलं. चंद्रकोरीच्या सोफ्यावर मी रात्रभर घसरत होते, म्हणून शेवटी न्हाणीघराच्या दाराशी घडीच्या बेडवर जाऊन झोपले, आणि जो कुणी आत जायचा त्याचा गुडघा माझ्या उशीला लागायचा. बाबांचा तर तीनदा लागला. मी उठून बसून त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "झोप, झोप," आणि पुढे गेले.

सकाळी ते वर जाऊन दार वाजवून आले.

"ताई, संग्रहालय बघायला येतेस?"

"नको."

"चहा?"

"मागवलाय."

"बरं नाहीये का?"

"बरी आहे."

"मग आत करतेस काय?"

"काही नाही."

खाली येऊन बाबांनी ते आम्हाला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, "काही न करायला माणूस एवढ्या लांब येतो? काही नाही तर घरीही करता येतं." आईने ब्रेडला लोणी लावता लावता त्यांच्याकडे पाहिलं. "घरी तिला करता येतं का?" बाबांनी तोंडात ब्रेड घातला.

दुपारी काका आले. मान वर करून, हातात फळांची पिशवी घेऊन, अपमान झालेल्या माणसासारखे. बहीण कुठे आहे म्हणून विचारलं आणि आम्ही नको नको म्हणत असताना तरातरा जिने चढले. मी मागोमाग होते. माळ्याच्या दारापाशी ते थांबले, दार ठोठावण्यासाठी एक पाऊल पुढे टाकलं आणि उतरत्या छताची तुळई त्यांच्या कपाळावर बसली. आवाज बराच मोठा झाला. दार उघडलं. आत्या एका हाताने दार धरून उभी होती, पायात मोजे, केस मोकळे. तिने काकांचं कपाळ बोटाने तपासलं, आत जाऊन ओला टॉवेल आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"दाबून धर. खोक पडलेली नाही."

"तू घरी येणार नाहीस का?" काका कळवळून म्हणाले.

"उद्या जाताना वाटेत चहाला येते," ती म्हणाली. "तू जेवायचं काही करू नकोस, आणि वहिनींना म्हणावं धावपळ करू नका." आणि तिने दार लावलं.

दुसऱ्या दिवशी ती नाश्त्याला खाली आली. नीट केस विंचरलेले, इस्त्रीचे कपडे. तिच्या डोळ्यांखाली कायम दोन काळे डाग असतात. ते गेले होते असं म्हणणार नाही, पण तिची बसण्याची तऱ्हा वेगळी होती, खुर्चीत मागे टेकून बसली होती. मला वाटलं, आता ती खोलीची तारीफ करेल आणि माझा महिनाभराचा छळ कारणी लागेल.

"खुंट्या वाईट आहेत," ती म्हणाली. "गोल गुळगुळीत गोटे लावलेत भिंतीला. काहीही अडकवलं की पडतं. खुर्ची दिसायला छान, पण तिच्या पाठीला मधेच एक दांडा आहे. साबणाला मिऱ्यांचा वास येतो. मी त्या बाईंना सगळं सांगितलंय."

"झोप तरी लागली का?" आईने विचारलं.

आत्याने अंड्याचा तुकडा तोडला, चावला, आणि मग म्हणाली, "लागली. मधे एकदा जाग आली तर कळेना कुठे आहे. मग आठवलं. उठायचं नव्हतंच, म्हणून परत झोपले."

परत येताना ठरल्याप्रमाणे काकांकडे चहा झाला. काकांच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि ते प्रत्येकाला दाखवून झालं. घरी पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि भावाच्या खोलीत जाऊन ती व्यायामाची सायकल ढकलत बाहेर आणली. ती पॅसेजमध्ये अडकली. मग ती पुढे नेता येईना आणि मागेही. बाबा अर्धा तास घाम पुसत तिच्याशी झटत होते, कुणाला हात लावू देत नव्हते. शेवटी सायकलचं हँडल काढावं लागलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. आईनेच त्याला सांगितलं होतं. "आणि मी आलो की कुठे झोपायचं?" तो चिडून विचारत होता.

"हॉलमध्ये," आई म्हणाली.

"हॉलमध्ये? तिथे कसं झोपणार? पहाटे बाबांच्या बातम्या असतात, रात्री तुमचा टीव्ही."

"हो ना," आई म्हणाली, आणि मग दुधाचं काहीतरी कारण सांगून तिने फोन ठेवला.

आता कुणाला वाटेल की आत्याने खोली आनंदाने घेतली. कसली घेते. त्या खोलीला आतून कडीच नव्हती. भाऊ शाळेत असताना एकदा रुसून आत कोंडून बसला होता, तेव्हा बाबांनी पेचकसाने सगळं उपटून टाकलं होतं. भोकं तशीच होती. सुतार आला. त्याने बसवलेली पहिली कडी तिला पसंत नव्हती, लावली की दारात फट राहत होती. दुसरी तिने स्वतः बोटाने सरकवून पाहिली आणि म्हणाली, "तिरकी आहे." सुताराने डोळा लावून बघितलं, हात टेकले आणि तिसऱ्यांदा दारात भोकं पाडली. त्या दाराची चाळण झाली आहे. बाबा रोज येता जाता त्या भोकांकडे बघून सुस्कारा सोडतात.

त्यांनी तिला एकदा विचारलं, "आता खोली मिळाली ना? मग हॉटेलचं खूळ संपलं म्हणायचं."

"का संपेल?" आत्या म्हणाली. "इथे तुम्ही हाका मारता."

ते खरं आहे. दार बंद असलं की आमचं तिच्याकडे नेमकं काम निघतं. कात्री कुठे आहे, गॅस बंद केला का, चष्म्याचा स्क्रू पडलाय. ती आतून ओरडून उत्तर देते, क्वचित देतही नाही.

वर्षातून दोनदा ती जाते. एकटी. आम्ही सोबत येऊ का, असं विचारण्याची हिंमत बाबा आता करत नाहीत, फक्त पोचल्यावर फोन कर म्हणतात. ती करत नाही. हॉटेल मात्र मीच शोधायचं, हे कुणी न ठरवता ठरलेलं आहे, आणि त्याला काही अंत दिसत नाही. गेल्या आठवड्यापासून तर तिच्या दुकानातली काउंटरवाली बाईही त्यात सामील झाली आहे. तिला आत्याबरोबर जायचं आहे, आत्या तयार आहे, पण दोघींना दोन स्वतंत्र खोल्या हव्यात, कारण ती घोरते म्हणे आणि आत्याला ते ऐकायचं नाही. त्यात तिला तिच्या खोलीतून नदी दिसायला हवी आणि आत्याला नदी नको, डास येतात.

काल संध्याकाळी मी कडी बघायला तीन जिने चढून गेलेल्या एका हॉटेलवाल्याला फोनवर धरून ठेवलं होतं. त्याने आनंदाने सांगितलं की त्यांच्याकडे सगळं अगदी नवीन पद्धतीचं आहे, न्हाणीघराला दारच नाही, सुंदर तागाचा पडदा आहे. मी फोनवर हात ठेवला आणि आत्याला विचारलं, "पडदा आहे म्हणतो. त्याला काय सांगू?"

तिने हातातला चष्मा दिव्याकडे धरून पाहिला, काचेवर फुंकर मारली, पुसली. "सांगू नकोस काही," ती म्हणाली. "ठेव फोन. दुसरं लाव."